रिकामा ताबा

१

मदत केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला सुरुची पहिला प्रश्न एकच विचारायची. "तुमचं म्हणणं काय?"

केंद्र म्हणजे दादरला एका जुन्या वाचनालयाचा पोटमाळा. तिथे भाडेकरू यायचे आणि बसायच्या आधीच पिशवीत हात घालून कागद शोधायला लागायचे. सुरुची त्यांना थांबवायची. कागद नंतर, आधी तुम्ही सांगा. कारण कायद्यातला एक नियम तिला फार आवडायचा. घर भाड्याने दिलं की करार लिहून त्याची नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची. ती त्याने केली नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. अर्ध्या मुंबईला हे ठाऊक नाही. सुरुची ते सांगायची आणि समोरच्या माणसाचा वाकलेला कणा सरळ होताना बघायची. त्या क्षणापायी तिने चांगल्या पगाराची नोकरी सोडली होती आणि नातेवाइकांचे टोमणे पदरात घेतले होते.

स्वतःच्या घराच्या बाबतीत मात्र हा नियम तिच्या कामी आला नव्हता. गिरगावातली खोली काकांच्या नावावर होती. बाबा गेले, काकांनी खोली विकली, आणि सुरुची आणि तिची आई सरोजिनी भाड्याच्या घरांत फिरू लागल्या. एका मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं. दुसऱ्याची बहीण परदेशातून येणार होती, ती कधी आलीच नाही. तिसऱ्याने अनामत रक्कम रंगकामाच्या नावाखाली गिळली. प्रत्येकाने नोंदणी "करू नंतर" म्हणून टाळलेली, आणि भांडायची वेळ आली की आईच मध्ये पडायची, नको ग, जाऊ दे. विमा कंपनीत उभा जन्म कारकुनी केलेली ती बाई तिसऱ्या वेळी बांधलेल्या खोक्यांच्या मधोमध खुर्चीवर बसून होती. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला जमिनीवर बसता येत नसे. तक्रार न करता तिने नुसतं विचारलं, "सुरू, आता कुठे?"

तेव्हा सुरुचीने तिला शब्द दिला. पुढच्या जागेवरून आपल्याला कोणी उठवणार नाही.

२

ती जागा घोडपदेवला मिळाली. चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये जुन्या रहिवाशांना दिलेली, वरच्या मजल्यावरची लहानशी स्वच्छ खोली. ओट्याजवळच्या खिडकीतून भायखळ्याच्या बाजूची झाडं दिसायची. मालक जयवंत परब पन्नाशीचे, हळू बोलणारे, नालासोपाऱ्याला राहायचे. त्यांचे वडील गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं, कायम कामगार कोणी आला नाही तर त्याच्या मशीनवर त्याच्या जागी उभं राहायचं, आणि आपली बदली आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. हे त्यांनी खोली दाखवता दाखवता सांगितलं, का ते कळलं नाही.

सुरुचीने आपल्या अटी एका दमात सांगितल्या. करार नोंदणी केलेलाच हवा. अनामत दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच, आणि तिची पावती. पोलिसांकडे माहिती द्यायची ती मालकाने द्यायची. ती वादाच्या तयारीने आली होती. परब सगळ्याला हो म्हणाले.

"सगळं तुमच्या मनासारखं, मॅडम. फक्त तो पाट तेवढा राहू दे."

दार आणि ओटा यांच्यामधल्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, एक लाकडी पाट होता. वापरून वापरून मधोमध खोलगट झालेला. रिकाम्या खोलीत तेवढी एकच वस्तू.

सुरुचीला हसू आलं, आणि रागही. ही युक्ती गिरणगावात सगळ्यांना पाठ होती. चाळीतली खोली बरेच महिने बंद राहिली की चाळमालक ती परत मागू शकतो, म्हणून कुटुंबं विरारला किंवा गावी गेली तरी मागे काहीतरी ठेवून जायची. एखादी खाट, स्टोव्ह, एखादं म्हातारं माणूस. म्हणजे ताबा आमचाच. काल ज्यांनी हे आपल्या मालकाशी केलं तेच आज मालक झाले होते, आणि भाडेकरूच्या घरात आपली वस्तू ठेवून म्हणत होते की ताबा आमचाच.

तिने हे त्यांना तोंडावर ऐकवलं. "काका, आता तुम्ही मालक आहात. करारात रिकामा ताबा लिहायचाय, तर रिकामाच द्या. चाळमालकाला दाखवायला सामान ठेवायचे दिवस गेले."

"आम्ही सामान नव्हतं ठेवलं," परब म्हणाले. मग नोंदणीच्या दिवशी पाट घेऊन जाईन, एवढं त्यांनी कबूल केलं.

३

नोंदणीसाठी शंतनु आला. तो एजंट, सुरुचीच्या ओळखीतला. लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि कॅमेरा घेऊन घरोघर जायचं हे त्याचं काम. दुपारची वेळ, खिडकीतून भरपूर उजेड. अंगठे झाले. फोटोसाठी त्याने सुरुचीला भिंतीपाशी उभं केलं.

"जरा हलू नकोस ग."

"मी कुठे हलतेय?"

पडद्यावर चेहऱ्याभोवती एक पिवळा चौकोन यायचा. तो सुरुचीच्या चेहऱ्यावर यायचा, क्षणभर थांबायचा, आणि सुटून खाली कोपऱ्यात जायचा. पाटाच्या वर, बसलेल्या माणसाचा चेहरा असेल त्या उंचीवर. तिथे तो अगदी स्थिर राहायचा. शंतनुने कॅमेरा पुसला, खिडकीचं एक दार लोटलं. चौकोन परत कोपऱ्यात.

"तुझ्यापेक्षा तुझी भिंत फोटोजेनिक आहे," तो म्हणाला, आणि त्याने सुरुचीला दुसऱ्या भिंतीपाशी नेलं. फोटो आला. भिंतीवर डाग असेल, असं दोघांचं ठरलं. डाग नव्हता, पण तो बघायला कोणी गेलं नाही. परब तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत उभे होते.

मग त्यांनी पाट उचलून काखेत मारला. दारापर्यंत गेले, दार उघडून धरलं आणि आत तोंड करून हलक्या आवाजात म्हणाले, "चला. झालं आता."

"तुम्ही व्हा पुढे, मी वायरी गुंडाळून येतो," शंतनु म्हणाला.

परब दार धरून उभेच राहिले. बाहेर लिफ्ट आली, उघडली, मिटली, गेली. त्यांनी आणखी एकदा "चला ना" म्हटलं, अगदी विनवणीच्या सुरात. सुरुचीला त्या माणसाची कीव आली. जुनं घर सुटताना असं होतं काहींचं, तिने मनात म्हटलं. शेवटी त्यांनी दार सोडलं, तिच्याकडे न बघता मान हलवली आणि गेले.

४

सुरुवातीचे दिवस सुखाचे गेले. सकाळी पाणी भरायचं, आईचे गुडघ्यांचे व्यायाम, चहा, मग सुरुची दादरला. संध्याकाळी आई खाली बाकावर जाऊन बसायची. तिथे तिला गिरगाव माहीत असलेल्या दोन बायका भेटल्या होत्या.

फरशी पुसताना एकदा सुरुचीचा हात कोपऱ्यात थांबला. तिथली एक फरशी उबदार होती. ऊन तिथे पोचत नव्हतं. आत्ताच कोणी उठून गेलं तर जागा जशी लागते तशी. खालच्यांचा गिझर असेल, पाईप जात असेल. तिने खालच्या घरात विचारलंही. त्यांचा गिझर दुसऱ्या बाजूला होता. मग गरम पाण्याचा नाही, कसला तरी दुसरा पाईप असेल.

आणि मग तो आवाज. संध्याकाळी ती दाराशी आली, किल्ली अजून पर्समध्येच होती, आणि आतून कोणीतरी विचारलं, "कोण ता?"

"मी ग," म्हणून तिने दार उघडलं. घरात कोणी नव्हतं. आई मागाहून लिफ्टने वर आली, हातात मेथीची जुडी.

शेजारच्या घरातून आला असेल. या टॉवरांच्या भिंती पुठ्ठ्याच्या असतात, बिल्डरांना धरून विचारलं पाहिजे. सुरुचीने त्या विषयावर जेवताना बरंच सुनावलं आणि आईने ऐकून घेतलं. पण पुढे तो प्रश्न रोज येऊ लागला. धाक नसायचा त्यात. दमलेल्या बाईने बसल्या जागेवरून, कर्तव्य म्हणून विचारावं तसा. सुरुची दाराबाहेरच उत्तर द्यायला शिकली. "मी." उत्तर दिलं की आत शांत व्हायचं. आपण उत्तर का देतो, याचा विचार ती लिफ्टमध्येच सोडून यायची.

५

एके दिवशी आई खाली गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाय दुखतात का विचारलं तर नाही म्हणाली.

"मग जा की. त्या बायका विचारत होत्या तुझी."

"दोघी बाहेर कशा जाणार? खोलीत कोणीतरी पाहिजे ना."

सुरुचीने तिच्याकडे बघितलं. आई घराला कधी खोली म्हणत नसे. गिरगावातली खोली होती तीसुद्धा ती जागा म्हणायची. आता तिने आपली खुर्ची कोपऱ्याजवळ ओढून घेतली होती, दाराकडे तोंड करून. भाजी तिथेच निवडायची, वर्तमानपत्र तिथेच वाचायची. डॉक्टरांकडे जायचा दिवस आला तेव्हा ती साडी बदलून तयार झाली, दारापर्यंत आली, आणि परत जाऊन खुर्चीवर बसली.

"खोली सोडूची नाय," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं."

आईच्या माहेरी किंवा सासरी कोणी मालवणी बोलत नव्हतं. खालच्या बायकांचं ऐकून जिभेवर बसलं असेल, सुरुचीने स्वतःला समजावलं. त्या दोघी कर्नाटकातल्या होत्या, हेही तिला माहीत होतं. ती तशीच उभी राहिली आणि तिला आठवलं, परब दार धरून किती वेळ उभे होते. शंतनु वायरी गुंडाळत होता. ते त्याच्याकडे बघतही नव्हते.

६

परब भायखळ्याला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होते. सुरुची दुपारी तिथे गेली. तिला बघून ते काउंटरमागून उठले आणि काही न विचारता बाहेर फुटपाथवर आले.

"पाट परत आणून देता का?" ती म्हणाली. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"पाट आणीन. पण पाटाने काही होणार नाही, मॅडम. मला वाटलं होतं, पाट नेला की मागून येईल. नाही आली."

"कोण?"

"गंगुबाई. माझी काकी. आम्ही सगळे नालासोपाऱ्याला गेलो तेव्हा खोली बंद ठेवून चालणार नव्हतं. काकीला मूलबाळ नव्हतं. तिला बसवली. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, आम्ही येईपर्यंत कोणाला आत घेऊ नको आणि जागा सोडू नको. तुझी बदली पाठवतो."

"पाठवली?"

"प्रत्येकाचं काही ना काही होतं. कोणाची शाळा, कोणाची ड्युटी." ते रस्त्याकडे बघत होते. "ती गेली तेव्हाही दाराकडे तोंड करून बसलेली होती. नंतर चाळ पाडली, टॉवर झाला. तिचा पाट नव्या खोलीत आणला, तशी तीही मागून आली. तिला कोणी सांगितलंच नाही की काम संपलं."

"काही कागद होता? तिच्या नावावर काही?"

"नाय. सगळं तोंडी."

तोंडी. सुरुचीचा स्वतःचा नियम तिच्यासमोर येऊन उभा राहिला. नोंदणी नाही, कागद नाही. मग तिथे बसलेली बाई सांगेल तेच खरं. आणि इतक्या वर्षांत त्या बाईला कोणी विचारलंच नव्हतं.

तिने परबांवर ओरडायला हवं होतं. म्हातारीला कुलपासारखी वापरणाऱ्या सगळ्या घरांवर ओरडायला हवं होतं. पण आई घरी एकटी होती. ती तशीच निघाली.

७

"कोण ता?"

"मी, सुरुची," ती म्हणाली आणि दार उघडलं.

खुर्ची रिकामी होती. आई कोपऱ्यात जमिनीवर बसली होती. पाठ भिंतीला, एक पाय दुमडलेला, दुसरा गुडघा उभा, त्यावर हात. त्या गुडघ्यांनी तसं बसणं शक्यच नव्हतं. गुडघे सुजून साडीतून दिसत होते. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा शांत होता, दाराकडे लागलेला. आणि चेहरा आईचा असला तरी बघणं आईचं नव्हतं.

सुरुचीने तिच्या काखांत हात घालून उचलायचा प्रयत्न केला. आई हलली नाही. वजनाने नाही. भिंत हलत नाही तशी.

"सुरू," आई मध्येच आपल्या आवाजात म्हणाली, "मला उठव ग."

सुरुची तिच्यासमोर मांडी घालून बसली. दुसरं काही येत नव्हतं म्हणून तिने जे येत होतं ते केलं. केंद्रात ज्या आवाजात विचारायची त्याच आवाजात विचारलं.

"गंगुबाई, तुमचं म्हणणं काय?"

खाली कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती.

"माका उठूचा आसा," आईच्या तोंडून उत्तर आलं.

"मग उठा. तुम्हाला कोणी अडवलेलं नाही. चाळ गेली. काम संपलं."

"खोली उघडी टाकून? माझी बदली खंय आसा?" त्यात राग नव्हता. हक्काची गोष्ट पुन्हा एकदा मागावी तसा आवाज. मग आईचाच हात हळूच तिच्या स्वतःच्या छातीवर गेला. "ही आसा. पण हिका बसूक जमणा नाय. हिचे पाय दुखतत."

सुरुचीला तेव्हा भीती वाटली नाही, हे खरं. तिला सगळं अगदी न्याय्य वाटलं. बाईचं म्हणणं बरोबर होतं. कोणीतरी तिला शब्द दिला होता आणि पाळला नव्हता. आणि आईचे गुडघे फुटायला आले होते.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आईला सोडा. मी बसते."

तोंडी काही कबूल करू नका, मुदत लिहून घेतल्याशिवाय तर नाहीच, असं ती रोज लोकांना बजावायची. मुदत तिने विचारली नाही.

आई कण्हली आणि कलंडली. सुरुचीने तिला धरून खुर्चीवर बसवलं आणि स्वतः कोपऱ्यात सरकली. फरशी उबदार होती. भिंत पाठीला बरोबर बसली. तिथून दार नेमकं समोर दिसत होतं.

दार उघडलं. उघडणारं कोणी दिसलं नाही. दिसली ती फक्त जमिनीलगत एक टाच, भेगा पडलेली, आणि तिच्यावर नऊवारीचा विटलेला काठ. ती टाच दारापाशी थांबली आणि उंच उचलली गेली, उंबरा ओलांडावा तशी. टॉवरच्या दारांना उंबरे नसतात. मग दार आपोआप लोटलं गेलं.

८

"मी जमिनीवर कशी बसले?" आई विचारत होती. गुडघे दुखत होते, पण ती तीच होती, आवाज तोच, बघणं तेच. "सुरू, चल. मला इथे नको. त्या परबांना फोन करते, करार मोडू. अनामत ठेवली तर ठेवू दे त्यांना."

"हो. तू हो पुढे. खाली बाकावर बस. मी आलेच."

"तू का बसलीस तिथे?"

"दमले ग जरा."

आईने काठी घेतली. दारातून एकदा वळून बघितलं, मग लिफ्टचा आवाज आला.

सुरुचीने उठायचं ठरवलं. खरंच ठरवलं. पण आधी मनात आलं, दोघी बाहेर कशा जाणार. आई येऊ दे, मग उठू. उजेड ओट्यावरून सरकत भिंतीवर आला. मदत केंद्र उद्या उघडायचं होतं, तिथे एक विधवा बाई येणार होती, तिचं काय ते बघायला हवं होतं. ते सगळं लांबचं वाटत होतं, कोणी दुसरी ते बघेल असं. इथे बरं होतं. दार दिसत होतं. आपल्याला इथून कोणी उठवणार नव्हतं.

बऱ्याच वेळाने बाहेर लिफ्ट थांबली. पावलं आली. एक काठीचं, एक पुरुषाचं. जमिनीवर काहीतरी लाकडी टेकवल्याचा आवाज झाला, आणि परब हलक्या आवाजात म्हणाले, "गार फरशीवर बसून त्रास होतो. म्हणून आणलाय."

"तिला कशाला पाट?" आई म्हणाली. "आम्ही निघतोय. सुरू, दार उघड."

आई, असं म्हणायला सुरुचीने तोंड उघडलं.

"कोण ता?" तिने विचारलं.

बाहेर किल्ली कुलपात गेलेली होती. ती फिरली नाही.